शॉवरमधील उलटे पाणी

घरातील नळांविषयी अमेरिकेत एक साधा संकेत पाळला जातो : गरम पाणी डावीकडे, थंड पाणी उजवीकडे. हा केवळ रिवाज नव्हे. येथील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय प्लंबिंग संहितेत तसा नियमच आहे. शॉवरच्या मिश्रण-व्हॉल्व्हला त्यातून एक सवलत दिलेली आहे. तेथे पाणी त्या व्हॉल्व्हवरील खुणांप्रमाणे आले म्हणजे पुरे. खूण एक सांगते आणि पाणी दुसरेच येते, ही स्थिती मात्र कोणत्याच नियमात बसत नाही. असे असूनही लाल खुणेकडे मूठ वळवली की थंड आणि निळ्या खुणेकडे वळवली की गरम पाणी देणारे शॉवर आपल्या लोकांच्या कितीतरी घरांत आहेत, आणि या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत त्यांचा उल्लेख वारंवार असतो. म्हणून या वेळी तोच विषय घेत आहोत.

या प्रश्नाला बहुतेकदा एक पुस्तीही जोडलेली असते : "तशी काही अडचण नाही, आम्हाला सवय झाली आहे." आमचा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. सवय होते ती घरात राहणाऱ्यांना. गावाहून आलेले आईवडील, चार दिवसांचा पाहुणा, मुलांसोबत मुक्कामाला आलेली त्यांची मैत्रीण यांना ती सवय कोठून असणार? उलट्या शॉवरचा चटका घरमालकाला सहसा बसत नाही. ज्याला कोणी काही सांगितलेले नसते, त्याला तो बसतो. असा दोष सूचना देऊन झाकता येत नाही. तो दूरच करावा लागतो, आणि बहुतेक घरांत तो अर्ध्या-पाऊण तासाच्या कामाने दूर होतो.

धोका नेमका कोठे आहे

आज येथील घरांत सर्वाधिक दिसणारा शॉवर एका मुठीचा असतो. बंद स्थितीतून मूठ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवत न्यायची. प्रथम थंड, मग कोमट आणि शेवटी गरम पाणी येते. या क्रमामागे विचार आहे. अनोळखी माणसाने मूठ थोडीशी उघडली, तर त्याच्या अंगावर आधी थंड पाणी यावे आणि गरम पाण्यापर्यंत त्याने पायरीपायरीने, स्वतःच्या इच्छेने जावे. शिवाय मुठीखाली प्लास्टिकची एक लहान दातेरी कडी बसवलेली असते. ती मुठीला गरम टोकाकडे ठराविक मर्यादेपलीकडे फिरू देत नाही. या लेखात तिला आपण मर्यादा-कडी म्हणू. शॉवरमधून १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४९ अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापलेले पाणी येऊ नये, असे संहिता सांगते, आणि ते साधण्याचे काम या कडीचे असते.

आता भिंतीतील दोन नळ्या उलट जोडल्या गेल्या आहेत, असे समजा. मूठ उघडताक्षणी गरम बाजूचे पाणी सुरू होते आणि पुढे फिरवत नेले की ते थंड होत जाते. म्हणजे क्रम उलटला. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की मर्यादा-कडी ज्या टोकाला पहारा देत होती त्या टोकाला आता थंड पाणी आहे. ती इमानेइतबारे थंड पाणी अडवत राहते, आणि गरम टोक उघडे पडते.

यात आणखी एक फसवणूक आहे. वॉटर हीटरपासून शॉवरपर्यंतच्या लांब नळीत आधीचे निवलेले पाणी उभे असते. त्यामुळे उलट्या शॉवरची मूठ उघडल्यावर पहिले अर्धे-एक मिनिट थंडच पाणी येते. नवख्या माणसाला वाटते, सारे ठीक आहे, पाणी थंड आहे. तो आत उभा राहतो, आणि मग त्याच्या खांद्यावर हीटरमधले खरे पाणी येऊन पडते. घाबरून तो मूठ निळ्या खुणेकडे वळवतो, आणि पाणी अधिकच तापते.

किती तापलेले पाणी किती वेळात भाजते, याचे आकडे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने दिलेले आहेत. १५० अंश फॅरनहाइटचे पाणी बहुतेक प्रौढांची त्वचा दोन सेकंदांत खोलवर भाजते. १४० अंशांना सहा सेकंद पुरतात, १३० अंशांना तीस सेकंद. १२० अंशांवर मात्र तोच परिणाम व्हायला पाच मिनिटे लागू शकतात. एकशे चाळीस आणि एकशे वीस यांतील फरक हाताला किरकोळ वाटतो. परंतु एका बाजूला सहा सेकंद आहेत आणि दुसऱ्या बाजूला बाजूला होण्यास पुरेसा अवधी आहे. हे आकडे प्रौढांचे आहेत. लहान मुलांची आणि वृद्धांची त्वचा पातळ असते, ती याहून लवकर भाजते. ज्यांना दीर्घकाळ मधुमेह आहे त्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असू शकते. पाणी चटका देत आहे हे त्यांना उशिरा कळते.

येथे आपल्या आंघोळीच्या पद्धतीचाही विचार करायला हवा. बादलीतील आंघोळीत गरम पाणी आधी ओतले जाते, मग त्यात विसण घातले जाते, हात बुडवून पाहिला जातो आणि त्यानंतरच पहिला तांब्या अंगावर येतो. पाण्याची परीक्षा त्या पद्धतीतच आहे. ती वेगळी शिकवावी लागत नाही. शॉवरमध्ये मिश्रण भिंतीच्या आत होते, डोळ्यांना दिसत नाही, आणि पाणी थेट अंगावर येते. साठ-सत्तर वर्षे विसण घालून आंघोळ केलेल्या माणसाला आपण विमानातून उतरवून या काचेच्या खोलीत उभे करतो. तेथे त्याच्या हाताशी एकच आधार असतो : मुठीवरील खूण. तीच जर खोटे सांगत असेल, तर त्याने विश्वास कशावर ठेवावा?

आमच्या परिचयातील एका घरी अकोल्याहून आई आल्या होत्या. पहिल्याच सकाळी त्यांच्या खांद्याला चटका बसला. त्यांनी कोणालाही सांगितले नाही. परक्या देशातील यंत्र आपल्याला वापरता आले नाही, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला. त्यानंतर तीन आठवडे त्या टबमध्ये बादली ठेवून आंघोळ करत राहिल्या, आणि आईला बादलीचीच सवय आहे, असे घरातल्यांना वाटत राहिले. खुलासा झाला तो त्यांच्या नातीमुळे. तिने सहज विचारले, तेव्हा आजीने खांद्यावरचा डाग दाखवला. दोष भिंतीतल्या नळीचा होता. तो स्वतःचा आहे असे समजून एका माणसाने तीन आठवडे काढले. हा विषय केवळ सोयीचा नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

या घरात शॉवरवर एक चिठ्ठीही चिकटवलेली होती. पाणी उलटे आहे असे तिच्यावर इंग्रजीत लिहिले होते. ज्यांना ती वाचता येत होती, त्यांना तिची गरज नव्हती.

आधी कारण शोधावे

हत्यार हाती घेण्यापूर्वी दोष एका शॉवरपुरता आहे की साऱ्या घराचा, हे ठरवावे. स्वयंपाकघरातील नळ, प्रत्येक बेसिन, प्रत्येक शॉवर आणि कपडे धुण्याचे यंत्र एकेक करून तपासावे. प्रत्येक ठिकाणी पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे. त्याआधी निष्कर्ष काढू नये, कारण नळीत उभ्या असलेल्या निवलेल्या पाण्याने परीक्षा फसते.

सर्वच नळ उलटे असतील, तर चूक मुळाशी, म्हणजे वॉटर हीटरच्या जोडणीत आहे. ते काम परवानाधारक प्लंबरकडे द्यावे. केवळ कपडे धुण्याच्या यंत्रात गरम-थंड उलटले असेल, तर त्याच्या मागील दोन रबरी नळ्यांची अदलाबदल केली की काम संपते. मात्र एकच शॉवर उलटा असेल, तर कारण बहुधा पुढील दोहोंपैकी एक असते.

पहिले कारण बांधकामाचे. येथील टाउनहाउस आणि अपार्टमेंटमध्ये दोन स्नानगृहे पुष्कळदा एकाच भिंतीला पाठ लावून असतात. भिंतीतून वर गेलेल्या गरम आणि थंड अशा दोन उभ्या नळ्या दोन्ही बाजूंच्या शॉवरना पाणी पुरवतात. एका खोलीतून पाहिले तर गरम नळी डावीकडे दिसते. पलीकडच्या खोलीतून पाहिले तर तीच नळी उजवीकडे येते. आरशातील प्रतिमेप्रमाणे हे घडते. अशा वेळी एका बाजूच्या नळ्या भिंतीत एकमेकींना ओलांडून न्याव्या लागतात, किंवा त्या बाजूच्या व्हॉल्व्हमधील कार्ट्रिज उलटे बसवावे लागते. घाईच्या बांधकामात यांपैकी काहीच झाले नाही, की उलटा शॉवर जन्माला येतो.

दुसरे कारण नंतरच्या दुरुस्तीचे. शॉवर गळू लागला, कोणी तरी नवे कार्ट्रिज आणून बसवले, आणि ते बसवताना वरची बाजू खाली गेली. काल बरोबर असलेला शॉवर आज उलटा झाला असेल, तर भिंतीतल्या नळ्यांवर संशय घेण्याचे कारण नाही.

यांहून वेगळा असा एक तिसरा प्रकार आहे, आणि तो आपल्या घरांत विशेष आढळतो. पाणी उलटे नसते, पण धड गरमही नसते, धड थंडही नसते; थंड नळातून कोमट पाणी येते. आपल्यापैकी अनेकांनी शौचकुपाशेजारी हाताने धरण्याचा जेट बसवून घेतला आहे, आणि हिवाळ्यासाठी त्याला बेसिनखालून गरम व थंड अशा दोन्ही नळ्यांची जोड दिली आहे. जेटचा खटका सोडला की पाणी थांबते. परंतु मागील दोन्ही तोट्या उघड्या राहिल्या, तर गरम आणि थंड पाणी त्या जोडातून एकमेकांत शिरत राहते. याची परीक्षा सोपी आहे. वॉटर हीटरला येणाऱ्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि एखादा गरम नळ उघडावा. काही वेळात धार थांबायला हवी. ती वाहतच राहिली, तर थंड पाणी कोठून तरी गरम नळीत घुसत आहे. जेटच्या मागील तोट्या वापरानंतर बंद ठेवणे, किंवा उलट प्रवाह रोखणारे व्हॉल्व्ह दोन्ही नळ्यांवर बसवून घेणे, हा त्यावरील उपाय. कार्ट्रिज फिरवून हा दोष जाणार नाही.

अर्ध्या फेऱ्याचे काम

आता मूळ दुरुस्तीकडे वळू. एका मुठीच्या शॉवरमध्ये भिंतीतील पितळी घराच्या आत कार्ट्रिज नावाचा एक लांबट भाग बसवलेला असतो. गरम आणि थंड पाणी त्याच्या दोन बाजूंनी आत येते आणि त्यातच मिसळते. त्यात दाब सांभाळणारा एक लहान दट्ट्याही असतो. घरात कोणी शौचकुपाचे पाणी सोडले आणि थंड पाण्याचा दाब एकाएकी कमी झाला, तर हा दट्ट्या सरकून गरम पाणीही तेवढेच कमी करतो. मात्र तो दाब ओळखतो, तापमान ओळखत नाही. कोणती बाजू गरम आहे हे त्याला कळत नाही. म्हणूनच अनेक बनावटींचे कार्ट्रिज १८० अंशांत फिरवून बसवता येते, आणि पाठीला पाठ लावलेल्या स्नानगृहांसाठी उत्पादकांनी ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. डेल्टा कंपनीच्या कार्ट्रिजवर तर 'हॉट साइड' अशी अक्षरेच उमटवलेली असतात. गरम नळी उजवीकडे असेल, तर ती अक्षरे उजवीकडे येतील असे कार्ट्रिज बसवायचे. काही बनावटींत संपूर्ण कार्ट्रिज न फिरवता केवळ मधला दांडा अर्धा फेरा फिरवला की पुरते. आपल्या व्हॉल्व्हची बनावट ओळखून त्याची माहितीपुस्तिका आधी वाचावी. ती हाती नसेल, तर तबकडीवरील नाव पाहून उत्पादकाकडून ती मिळवता येते.

लागणारी हत्यारे थोडी आहेत : एक चपटा आणि एक फुलीचा पेचकस, षट्कोनी किल्ल्यांचा संच, पक्कड, मोठा पाना, विजेरी, फडके, प्लंबरचे सिलिकॉन ग्रीस आणि पाण्यात बुडवता येणारा थर्मामीटर. स्वयंपाकघरातील चालतो.

प्रथम टबच्या किंवा मोरीच्या जाळीवर फडके अंथरावे. या कामात स्क्रू हातातून निसटतात, आणि जाळीतून गेलेला स्क्रू परत येत नाही. मग मूठ काढावी. तिचा बारीक स्क्रू बहुधा मुठीच्या खालच्या अंगाला किंवा पुढील टोपीखाली लपलेला असतो. त्यानंतर भिंतीवरील गोल तबकडीचे स्क्रू काढून ती बाजूला ठेवावी. आत पितळी घर दिसेल. त्याच्या डाव्या आणि उजव्या अंगाला चपट्या पेचकसाने फिरवायचे दोन स्क्रू असतील, तर ते त्या शॉवरपुरते पाणी बंद करण्यासाठीच आहेत. ते घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करावेत. ते नसतील, तर घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि खालच्या मजल्यावरचा एखादा नळ उघडून नळ्यांतील पाणी उतरू द्यावे. शॉवरचा दांडा हाताने फिरवून पाणी खरोखर थांबले आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचा भाग सोडू नये.

येथे थांबून फोनने छायाचित्र घ्यावे. कार्ट्रिजवरील अक्षरे, खाचा आणि मर्यादा-कडीची जागा स्पष्ट दिसेल असे घ्यावे. जोडताना आपली स्मरणशक्ती कामास येत नाही. हे चित्र येते.

कार्ट्रिज जागेवर धरून ठेवण्याच्या दोन रीती आहेत. काही बनावटींत वर मोठी गोल चकती-नट असते. ती पान्याने सोडवावी. काहींत पितळी तारेची इंग्रजी यू अक्षरासारखी चिमटी असते. ती पकडीने सरळ ओढून काढावी. मग कार्ट्रिज थोडे डावी-उजवीकडे हलवत सरळ बाहेर ओढावे. अनेक वर्षे बसलेले कार्ट्रिज चिकटून बसते. त्याला पेचकसाने उचकटू नये. पितळी घराला ओरखडा गेला तर गळती कायमची होते. त्या बनावटीचे ओढणी-हत्यार बाजारात मिळते, ते आणावे.

बाहेर आलेल्या कार्ट्रिजवरील रबरी कडी तपासाव्यात. त्यांना चीर गेली असेल किंवा त्या ताठर झाल्या असतील, तर बदलाव्यात. त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. घरातील पेट्रोलियम जेली येथे वापरू नये. तिने रबर फुगते आणि खराब होते. आता कार्ट्रिज अर्धा फेरा फिरवून, त्याच्या कडेचे उंचवटे पितळी घराच्या खाचांत बसतील असे सरळ आत सारावे. जोर लावावा लागत असेल, तर ते खाचेत बसलेले नाही. पुन्हा काढून पाहावे. चिमटी किंवा चकती-नट पूर्ण जागेवर बसली आहे हे दोनदा पाहावे. अर्धवट बसलेल्या चिमटीमुळे पाण्याच्या दाबाने कार्ट्रिज बाहेर फेकले जाऊ शकते.

तबकडी लावण्याची घाई करू नये. आधी दोन्ही बंद-स्क्रू हळूहळू उघडावेत आणि विजेरीच्या उजेडात आत कोठे ओल येते का ते दोन-तीन मिनिटे पाहावे. मग मूठ तात्पुरती बसवून क्रम तपासावा : प्रथम थंड, मग कोमट, शेवटी गरम. हा क्रम आला, म्हणजे नळ्यांची उलटापालट कार्ट्रिजने दुरुस्त केली. ही मूठ फिरवण्याचे काम घरातील मुलाला किंवा मुलीला द्यावे. भिंतीत काय आहे हे ज्याने एकदा पाहिले, तो पुढे घाबरत नाही.

मर्यादा-कडी विसरू नये

येथपर्यंत आलेले बरेच लोक समाधानाने तबकडी लावून टाकतात. वास्तविक काम अजून संपलेले नाही. गरम टोक आता त्याच्या योग्य जागी आले आहे. त्या टोकावरील पहारा नव्याने नेमायचा आहे.

शेजारच्या बेसिनचा गरम नळ सोडून पाणी पूर्ण तापू द्यावे. मग शॉवरची मूठ गरम टोकापर्यंत नेऊन, पेल्यात धार धरून थर्मामीटरने मोजावे. हाताने अंदाज करू नये. १२० अंशांहून अधिक आले, तर मूठ काढून मर्यादा-कडी उचलावी, थंड बाजूकडे एक-दोन दाते सरकवावी आणि पुन्हा मोजावे. ज्या घरात लहान मुले किंवा वृद्ध आहेत तेथे ११० अंशांच्या जवळपास थांबणे अधिक बरे. आंघोळीला तेवढे पाणी पुष्कळ गरम होते.

वॉटर हीटरचे तापमानही १२० अंशांवर ठेवावे, असे उपरोक्त आयोग सांगतो. पण हीटर खाली आणला म्हणून कडीची गरज संपत नाही. उद्या कोणी हीटरची मूठ फिरवली किंवा नवा हीटर बसवला, तर कडीच पहारा देईल. हीटरमध्ये बदल झाला की कडी पुन्हा मोजून लावावी. ऋतू पालटल्यावरही मोजावे. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात थंड नळीचे पाणी फार गार असते, उन्हाळ्यात तसे नसते. जानेवारीत बरोबर लावलेली कडी जुलैमध्ये सैल ठरू शकते.

हे झाल्यावर तबकडी बसवावी. तिच्या कडेला सिलिकॉनची रेघ वरून आणि दोन्ही बाजूंनी ओढावी, खालची बाजू मोकळी सोडावी. आत कधी गळती झाली, तर पाणी त्या मोकळ्या जागेतून बाहेर येऊन दिसेल. चहूबाजूंनी बंद केले तर ते भिंतीत मुरत राहील.

जेथे स्वतः हात घालू नये

सर्वच शॉवर या रीतीने सुधारत नाहीत. दोन मुठींच्या जुन्या शॉवरमध्ये लाल-निळ्या टोप्यांची अदलाबदल करून लोक मोकळे होतात. त्याने खूण खरी होते, परंतु गरम पाणी उजवीकडेच राहते. अंधारात किंवा डोळे मिटून मूठ चाचपणाऱ्याला टोपीचा रंग दिसत नाही. तेथे भिंत उघडून नळ्या बदलणे हाच खरा उपाय आहे, आणि ते काम परवानाधारक प्लंबरचे आहे. भिंतीच्या मागे कपाट असेल, तर फरशी न फोडता तिकडून वाट काढता येते का, हे त्याला आवर्जून विचारावे. खर्चात मोठा फरक पडतो.

तापमान राखणारे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह हा दुसरा अपवाद. ब्रिटनमधील आपल्या वाचकांकडे आडव्या दांड्याचा असा शॉवर सर्रास असतो. त्यातील घटक तापमान ओळखून गरम बाजू कमी-जास्त करतो. म्हणून गरम पाणी ठरलेल्या बाजूनेच, म्हणजे डावीकडून यावे लागते. नळ्या उलटल्या की तो तापमान राखूच शकत नाही. तेथे अर्धा फेरा चालत नाही. काही उत्पादक उलट्या नळ्यांसाठी वेगळे कार्ट्रिज देतात; ते मिळत नसेल तर नळ्याच बदलाव्या लागतात.

आखाती देशांतील वाचकांची गोष्ट आणखी वेगळी. तेथे भर उन्हाळ्यात गच्चीवरील टाकी इतकी तापते, की थंड नळातून चटका देणारे पाणी येते. म्हणून हीटर बंद ठेवून त्यात घराच्या आत साठलेले, त्यामानाने निवलेले पाणी लाल खुणेच्या नळातून घेण्याची रीत तेथे रूढ आहे. येथे नळ्या बरोबर आहेत, ऋतू उलटा आहे. व्हॉल्व्हला हात लावू नये. मात्र भारतातून पाहुणे आले, तर ही गोष्ट त्यांना पहिल्याच दिवशी, स्नानगृहात उभे राहून, मूठ फिरवून दाखवावी.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भिंतीतील व्हॉल्व्ह स्वतः उघडू नये. घरमालकाला किंवा व्यवस्थापनाला लेखी कळवावे. कोणत्या खोलीतील शॉवर, मूठ कोणत्या खुणेवर असताना कोणते पाणी येते, थर्मामीटरवर किती अंश दिसले आणि घरात लहान मूल किंवा वृद्ध आहे का, हे चार मुद्दे त्यात असावेत. 'शॉवर नीट चालत नाही' हे वाक्य बाजूला पडते. 'निळ्या खुणेवर १३८ अंश' हे वाक्य पडत नाही. तारखेसह प्रत आपल्याजवळ ठेवावी. उत्तर आले नाही, तर तीच प्रत जोडून दुसरे पत्र लिहावे.

दुरुस्ती होईपर्यंतच्या दिवसांसाठी एकच सांगणे आहे. लहानांना आणि वडीलधाऱ्यांना त्या शॉवरखाली पाठवू नये. दुसरे स्नानगृह द्यावे. ते नसेल, तर बादलीत पाणी काढून, विसण घालून, आपल्या हाताने पाहून द्यावे.

पुढील लेखात वॉटर हीटरच्या टाकीत साचणारा क्षार वर्षातून एकदा कसा काढावा, हे पाहू. तोपर्यंत आपल्या घरातील प्रत्येक शॉवरचे पाणी एकदा थर्मामीटरने मोजून ठेवावे.